मी लिहिलेली पहिली पसंती

मी एक शाईचा पेन. आयुष्यभर दुसऱ्यांचं म्हणणं कागदावर उतरवत आलो, स्वतःचं असं कधी काही बोललो नाही. बोलण्यासारखं फारसं नव्हतंही. पण एक पत्र माझ्याकडून लिहून झालंय, जेमतेम चौदा ओळींचं, आणि ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म नेवार्कच्या एका कारखान्यात झाला. तो कारखाना केव्हाच बंद पडला. हिरवं अंग, सोनेरी निब आणि टोपणाला एक पिवळी कडी, एवढंच माझं रूप. ब्रुकलिनच्या फुल्टन स्ट्रीटवरल्या एका दुकानातून मला कथबर्ट अलेन नावाच्या माणसानं घेतलं. तो कॅरिबियनमधल्या बार्बेडोस बेटावरून आलेला, कृष्णवर्णीय. मॅनहॅटनमधल्या एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा. सहा दिवस "कितवा मजला, सर?" याखेरीज त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. मात्र रविवारी चर्चमधून आला की अंगातला कोटही न काढता टेबलाशी बसायचा आणि बेटावरल्या आईला लांबलचक पत्र लिहायचा. त्यात बढाई नसायची. थंडीनं बोटं फुटली असतील तर 'बोटं फुटलीत' असंच लिहायचा.

त्याची एकुलती एक मुलगी विनिफ्रेड. ती शिक्षिका झाली त्या दिवशी त्यानं मला रुमालानं पुसून तिच्या हातात ठेवलं.

"विनी, हा आता तुझा. पण सांभाळून हं. खोटं लिहायला गेलीस तर हा जागच्या जागी सुकेल."

"पपा, तुम्ही पण ना!" असं म्हणून ती हसली. तोही हसला.

विनीची पुढे मिस अलेन झाली. ब्रुकलिनच्याच फ्लॅटबुश भागात चर्चच्या पाठीमागे विटांची एक तीन मजली शाळा होती, तिथे तिनं उभी हयात काढली. उंच बांधा, ताठ पाठ, साखळीला अडकवलेला चष्मा आणि बारा महिने अंगावर करडा स्वेटर. त्या जिन्यात आल्या की पोरं आपोआप भिंतीला चिकटून चालायची.

शाळा आठवीपर्यंतचीच. पुढे बहुतेक मुलं सरकारी हायस्कुलात जायची. जी हुशार असत त्यांचे अर्ज मिस अलेन मोठ्या खाजगी शाळांना पाठवायच्या. घेतलं तर फी माफ होऊन मुलाचं नशीबच पालटायचं.

या खाजगी शाळांची एक गंमत आहे. नकाराची भीती माणसांना असते तशी त्यांनाही असते. आपण बोलावलं आणि मूल दुसरीकडेच गेलं, तर त्यांना ते फार लागतं. म्हणून जानेवारीच्या अखेरीस त्या एका पत्राची वाट बघतात. मुलानं लिहायचं, 'तुमची शाळा ही माझी पहिली पसंती आहे. तुम्ही घेतलंत तर मी नक्की येईन.' ज्याचं असं पत्र येतं त्याचा अर्ज ढिगाच्या वर सरकतो. मॅनहॅटनमधले काही आईबाप चार शाळांना चार पत्रं पाठवतात आणि चारही पहिली पसंती असतात, असं मी ऐकून आहे.

मिस अलेनच्या खोलीत तसं चालत नसे. एका मुलानं एकच पत्र लिहायचं, आणि तेही खरं. पत्र लिहायला मूल त्यांच्या खुर्चीत बसायचं, मी त्याच्या हातात जायचो आणि त्या खिडकीशी पाठ करून उभ्या राहायच्या, म्हणजे मुलाला मोकळं वाटावं. सव्वीस वर्षांत असे किती हात मला लागले! डेझमंड नावाच्या पोरानं इतका जोर दिला की माझी निब वाकली. एका मुलीनं लिहिलं होतं, 'तुमच्या शाळेतल्या मुली मोठ्यांदा हसतात, म्हणून मला यायचंय.' मिस अलेननी त्यात एका स्पेलिंगखेरीज काही बदललं नाही.

त्यामुळे आमच्या पत्रांना किंमत होती. कालव्याजवळच्या शाळेत मिस्टर फीनी म्हणून होते, मुलं निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. ते फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत की टेबलावर मला स्पष्ट ऐकू येई. ते म्हणत, "मिस अलेन, तुमच्याकडचं पत्र आलं की आम्ही पुन्हा चौकशी करत नाही."

मग मिर्लांद आली.

मिर्लांद देरोझिये तेरा वर्षांची होती. हैतीतून आईबरोबर आलेली, अंगानं बारकी, बोलायला हळू. आई योलेट रुग्णालयात चादरी बदलायचं काम करायची. वडील आनेलुस तिकडे हैतीतल्या जेरेमी गावात होते, अमेरिकेत यायच्या कागदपत्रांची वाट बघत. ते मासेमारीच्या होड्या बांधायचे. पोर गणितात अशी की वर्गात फळ्यावरचं उदाहरण पुरतं लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. मिस अलेन तिच्याकडे बघताना चष्मा काढून पुसायच्या.

त्या हिवाळ्यात तिनं दोन शाळा बघितल्या. पहिली बागेजवळची शाळा. दगडी, जुनी, नामांकित, जिच्या दारातून गेलेल्या मुलीला पुढे कुठलंच दार बंद नसतं असं लोक म्हणत. दुसरी कालव्याजवळची. तिची इमारत पूर्वी गोदाम होती. ती बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मिर्लांद धावतच खोलीत आली. तिला धावताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मिस! तिथे मुलं होड्या बांधतात! खऱ्या, लाकडाच्या! आणि जूनमध्ये त्यांतच बसून कालव्यात जातात!"

"शांतपणे, मिर्लांद. आणि बागेजवळची?"

"चांगली आहे. तिथले गालिचे फार मऊ आहेत. मिस, त्यांच्या होडीच्या फळ्या जुळत नव्हत्या. मी त्या सरांना सांगितलं, पपा आधी फळी वाफेवर धरतात. ते म्हणाले, तू ये आणि आम्हांला शिकव. खरंच असं म्हणाले! मी पपांना पत्रसुद्धा टाकलं."

मिस अलेन हसल्या. पण त्या हसण्यात त्या पूर्ण नव्हत्या, हे मला कळलं. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. चौदा वर्षांची असताना विनीला घेऊन कथबर्ट त्याच बागेजवळच्या शाळेत चौकशीला गेला होता. दोघांचेही इस्त्रीचे कपडे होते आणि मी त्याच्या खिशात होतो. दारावरच्या माणसानं त्यांना वर पाऊलही टाकू दिलं नाही. म्हणाला, "सामान द्यायला आला असाल तर मागच्या दारानं जा." कथबर्ट "सॉरी, सर" म्हणाला आणि परत फिरला. त्या रविवारच्या पत्रातही त्यानं ते लिहिलं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला. बागेजवळच्या शाळेच्या मिसेस व्हिटलसी होत्या. आवाज मधाळ.

"मिस अलेन, मिर्लांद आम्हांला अतिशय आवडली. पूर्ण फी माफीची एकच जागा उरलीय. पण ती नक्की येईल ना, हे कळल्याशिवाय मला समितीपुढे बोलता येणार नाही. आम्ही तिची पहिली पसंती असू, तर तिनं दोन ओळी लिहाव्यात. तुमच्या मुलांचं पत्र म्हणजे काय असतं ते आम्हांला माहीत आहे."

"तुमच्याकडे आमची एकही मुलगी आजवर आलेली नाही," मिस अलेन म्हणाल्या.

"म्हणूनच तर," मिसेस व्हिटलसी म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मिस अलेन बराच वेळ मला बोटांत फिरवत बसल्या. समोर कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मायलेकींना बोलावलं. योलेट कामावरून तशीच आली होती, निळ्या कपड्यांवर कोट घालून. तिनं आल्या आल्या मिस अलेनपुढे भोपळ्याच्या सूपचा डबा ठेवला. रिकाम्या हातानं ती कधीच येत नसे.

मिस अलेननी सगळं सांगितलं. योलेट ऐकत होती. शेवटी मुलीकडे वळली.

"तुला काय वाटतं गं?"

मिर्लांद बुटांकडे बघत म्हणाली, "मामन, मला होड्यांच्या शाळेत जायचंय."

"बाळ," मिस अलेन म्हणाल्या, "होड्या तू सुट्टीतही बांधू शकशील. हे दार पुन्हा उघडणार नाही. तुझ्यासाठी नाही, आणि तुझ्यानंतरच्या मुलींसाठीही नाही."

"पण मिस, ते पत्र खरं असायला हवं ना? तुम्हीच म्हणता."

मिस अलेननी सूपचा डबा टेबलाच्या कडेला सरकवला.

"तिथे एकदा गेलीस, की होईल खरं," मिस अलेन म्हणाल्या.

योलेटनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते. "मला यातलं काय कळतंय, मिस? मी चादरी बदलणारी बाई. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणाल तसं." मग मुलीला म्हणाली, "मिसचं ऐक, शेरी, लाडके. त्या काय तुझ्या वाइटावर आहेत?"

मिर्लांद खुर्चीत बसली. मी तिच्या हातात गेलो. तिची बोटं गार होती.

त्या दिवशी मिस अलेन खिडकीकडे वळल्या नाहीत. मुलीच्या खांद्याशी उभ्या राहिल्या आणि एकेक वाक्य सांगत गेल्या. 'मी बऱ्याच शाळा बघितल्या, पण घरी आल्यावर डोळ्यांसमोर राहिली ती तुमचीच. दुसऱ्या कुठल्याही शाळेचा विचार माझ्या मनाला शिवलेला नाही. तुमची शाळा ही माझी पहिली पसंती आहे.'

आता माझं सांगतो. मला फार वाटतं की त्या क्षणी मी सुकलो, असं तुम्हांला सांगता यावं. कथबर्ट तसंच म्हणाला होता ना. पण मी सुकलो नाही. शाई एकसारखी येत होती. अक्षर इतकं सुरेख उमटत होतं की मिस अलेन म्हणाल्या, "बघ, किती छान लिहितेस."

पत्र गेलं. आठवड्यानं मिस्टर फीनींचा फोन आला.

"मिस अलेन, मिर्लांदचं पत्र अजून आलं नाही! आमचे होडीवाले सर रोज विचारतात. म्हणतात, ती वाफेवाली मुलगी कधी येणार?"

"तिनं दुसरीकडे लिहिलंय, मिस्टर फीनी."

"अच्छा. पण ती तर... असो. तुमच्याकडून गेलंय म्हणजे खरंच असणार. मी जागा दुसऱ्या मुलाला देतो."

मिस अलेननी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. हात तसाच फोनवर राहिला.

मार्चमध्ये बागेजवळच्या शाळेचं जाड पाकीट आलं. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मिर्लांदचं नाव पुकारलं, बायकांनी टाळ्या पिटल्या, कुणी काळा केक आणला, कुणी नारळाचा पाव. योलेट रडत होती आणि भेटेल त्याला मिठी मारत होती. मिस अलेन डोक्यावर ठेवणीतली निळी टोपी घालून पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्या शेजारी कथबर्टही बसला असावा. तोवर त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती.

पुढे वाईट काही घडलं नाही. हेच समजावून सांगणं अवघड आहे. मिर्लांदचे गुण चांगले होते. तिला कुणी छळलं नाही. शाळा तिच्याशी प्रेमानं वागली, आणि त्या प्रेमातूनच त्यांनी ते पत्र छापलं.

शाळेची माहिती देणारं एक गुळगुळीत पुस्तक निघतं. त्याच्या तिसऱ्या पानावर मिर्लांदचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'दुसऱ्या कुठल्याही शाळेचा विचार माझ्या मनाला शिवलेला नाही.' मग मे महिन्यात देणगीदारांसाठी दुपारचं जेवण असे, त्यात तिनं ते पत्र उभं राहून वाचायचं असं ठरलं. पहिल्या वर्षी वाचलं, दुसऱ्या वर्षीही वाचलं. तिसऱ्या वर्षी मिस अलेनना आणि योलेटला खास आमंत्रण आलं. मी पर्समध्ये होतो.

मिर्लांद आता सोळा वर्षांची, उंच झालेली. व्यासपीठावर आली आणि कागद हातात न घेता बोलू लागली. सगळं पाठ होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, 'मनाला शिवलेला नाही' म्हणताना छातीवर हात कधी ठेवायचा. पांढऱ्या केसांच्या बायका रुमालानं डोळे टिपत होत्या. जे लिहिताना एकदा तिची बोटं गार पडली होती, ते ती असं म्हणत होती की मलाही क्षणभर ते खरं वाटलं.

नंतर कोट ठेवायच्या खोलीत मिस अलेननी तिला गाठलं.

"छान वाचलंस, बाळ."

"हो, मिस. आता जमतं," मिर्लांद म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पहिल्या वर्षी आदल्या रात्री झोप लागली नव्हती. आता काहीच होत नाही."

योलेट कोटाची बटणं लावत होती. मान वर न करताच म्हणाली, "तिच्या बापाला अजून वाटतं, पोरगी होड्या बांधते. फोनवर विचारतो, कुठलं लाकूड वापरता म्हणून. आणि ही सांगतेसुद्धा. ओक म्हणते. पाइन म्हणते. मी ऐकत असते."

परतीच्या सबवेमध्ये मिस अलेननी पर्स दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शाई भरली आणि बागेजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. त्या मुलीचं पत्र मी सांगून लिहवून घेतलं होतं, तिची पसंती दुसरी होती, चूक सर्वस्वी माझी आहे, ते छापणं आणि तिला वाचायला लावणं कृपा करून थांबवा. दोन पानं झाली. कथबर्टच्या पत्रांनंतर इतकं सरळ काही मी लिहिलं नव्हतं. मला हायसं वाटलं. वाटलं, फिटलं एकदाचं.

दहा दिवसांनी उत्तर आलं, फार सभ्य. 'आम्ही मिर्लांदला विचारलं. तिनं ठामपणे सांगितलं की पत्र तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर थोडा थकवा येणं स्वाभाविक आहे. आपण प्रकृतीला जपावं.'

त्याच शुक्रवारी मिर्लांद आली. शाळा रिकामी झाली होती. ती दारातच उभी राहिली, खुर्चीत बसली नाही.

"मिस, तुम्ही त्यांना पत्र लिहिलंत."

"मला तुझ्यावरचं ओझं उतरवायचं होतं, बाळ."

"चार जणांसमोर बसवून त्यांनी मला विचारलं, पत्र मिसनी सांगून लिहवलं का. मी हो म्हटलं असतं तर मी तीन वर्षं खोटं बोलत होते असं झालं असतं. फी माफी गेली असती. आणि तुमचं नाव. चर्चमध्ये तुम्हांला कुणी काय म्हटलं असतं?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही मला न विचारता लिहिलंत. पुन्हा."

त्या 'पुन्हा'वर मिस अलेन खाली बसल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"ठीक आहे, मिस," मिर्लांद म्हणाली. तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मऊ झाला होता. जाताना तिनं दार हलकेच लावून घेतलं.

पुढच्या जानेवारीत मुलांनी आपापल्या बॉलपेननं पत्रं लिहिली. मिस अलेननी मला पत्र्याच्या एका डबीत ठेवलं आणि दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. डबीत मी वीस वर्षं होतो. पोटात शाई वाळून खडा झाली. झाकणातून आवाज तेवढे यायचे. टीव्ही, किटली आणि दर वर्षी एक जानेवारीला दारावरची घंटा. कारण मिर्लांद त्या दिवशी न चुकता यायची, हैतीत नव्या वर्षाला करतात ते भोपळ्याचं सूप आईच्या हातचं घेऊन. दोघी तासभर गप्पा मारायच्या. हवेच्या, गुडघ्यांच्या, योलेटच्या रक्तदाबाच्या. त्या पत्राचा विषय एकदाही निघाला नाही. मी दर वर्षी कान देऊन ऐकायचो.

गेल्या ऑक्टोबरात मिस अलेन गेल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. डबीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती, 'मिर्लांदसाठी'. त्यांच्या नात्यातल्या एका बाईनं मला तिच्या स्वाधीन केलं.

आता मी न्यू जर्सीत तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात असतो, रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. मिर्लांद एका रुग्णालयाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. नवरा रेजिनल्ड भला माणूस. तो विचारतो, "भिंतींना कुठला रंग देऊ या?" ती म्हणते, "तुला आवडेल तो." तो विचारतो, "जेवायला काय मागवू?" ती म्हणते, "तू काय घेतोयस?" परवा तो हसत हसत म्हणाला, "मिर्लांद, लग्नाला सात वर्षं झाली. तुला काय आवडतं ते सांग की एकदा!" तीही हसली. मग सिंकशी उभी राहून म्हणाली, "खरं सांगू? कुणी विचारलं की आधी मी समोरच्याला काय हवंय ते बघते. माझं काय, ते सापडतच नाही लवकर."

वडील? ते तिच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आले. होड्यांबद्दल तिनं त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी डबीत होतो.

मिस अलेनच्या अंत्यविधीला चर्चमध्ये चार शब्द बोलायला तिला सांगितलं होतं. आदल्या दिवशी सकाळी तिनं मला डबीतून काढलं, कोमट पाण्यात भिजत ठेवलं, खडा झालेली शाई पाण्यात सुटू दिली, नवी भरली. टेबलाशी बसली. आता तिची बोटं मोठ्या बाईची होती, पण माझ्यावरची पकड तीच, जरा खाली धरायची. मागे कुणी उभं नव्हतं. कुणी सांगत नव्हतं. ती बराच वेळ थांबली आणि मग तिनं दोन वाक्यं लिहिली.

'मिस अलेननी मला जितका जीव लावला तितका फार थोड्यांनी लावला असेल. आणि माझं मन त्यांनी मला कधी विचारलं नाही.'

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. बायका, टोप्या, जुने विद्यार्थी, त्यांची मुलं. मी मिर्लांदच्या कोटाच्या खिशात होतो. तिनं कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं. कुणीतरी मागून "आमेन" म्हटलं. मग ती थांबली. इतका वेळ थांबली की पुढच्या बाकावर बसलेल्या योलेटनं मान वर केली.

मिर्लांदनं कागदाची घडी घातली. "एवढंच," ती म्हणाली आणि जाऊन आईशेजारी बसली.

मुलांकडून पत्रं लिहवून घेणाऱ्यांनो, माझी एकच विनंती आहे. आधी विचारा, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत धीर धरा. लिहायचं काम आम्ही बिनतक्रार करतो. खरं असो की खोटं, आमची शाई सारखीच वाहते. आम्हांला थांबता येत नाही, तुम्हांला येतं.

तो कागद तिनं टाकला नाही. घडी घालून माझ्याजवळ खणातच ठेवलाय. त्यातलं दुसरं वाक्य अजून कुणी ऐकलेलं नाही.